टेकली म्हणा

अख्ख्या इंदापूर तालुक्यात माझ्या धाकट्या दिराइतका उशिरा पोचणारा माणूस झाला नाही, आणि उशिरा पोचल्याचा एवढा तोरा मिरवणाराही झाला नाही. मुंबईला एका शेठच्या शिडाच्या नौकेवर ते पंधरा वर्षं खलाशी होते. नव्वद सालानंतर गावी आले ते डोक्यात वारं भरूनच. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती, मग पाटाचं पाणी आलं आणि टोमॅटो आला. शीड कुणी बघितलं नव्हतं. यांनी धरणाच्या पाण्यात होडी घातली, खताच्या पोत्यांचं शीड शिवलं, काठावर लाकडं रोवून फळ्यांचा धक्का केला आणि त्याला ट्रॅक्टरचे जुने टायर बांधले.

धक्क्याला यायचं ते वाऱ्याकडं तोंड करूनच, हा त्यांचा धर्म. वारं मागून असलं की होडी थांबत नाही. मग धक्का ओलांडून पुढं जायचं, वळायचं, होडीचं नाक वाऱ्यात घालायचं आणि शीड ढिलं सोडायचं, की ती आपोआप मंदावत येते. नाही जमलं तर पुन्हा फेरा. ही खोड जमिनीवरही सुटेना. बारामतीच्या बाजारात सायकल लावायची तरी आधी धुरळा कुठं उडतोय ते बघत, एक चक्कर मारत आणि वाऱ्याकडं तोंड करूनच ती उभी करत. टोमॅटोवाले म्हणत, "राव, आता नांगर टाका आन् पाट्या उतरवा."

कुणी काठावरून "लागली का होडी?" असं विचारलं की मात्र ते बिघडत. "लागती ती ठेच. होडी टेकली म्हणा. सासूच्या पायावर डोकं टेकवत्यात, आपटत न्हाईत."

"तुमच्या बायकूनं कवा टेकवलं?" मी विचारलं.

"तिचं वारंच उलटं हाय, वैनी."

माझं माहेर पाण्यापलीकडं, करमाळ्याच्या अंगाला. धरणाआधी उन्हाळ्यात आम्ही नदी चालत ओलांडायचो. पाणी पसरलं आणि एसटीनं टेंभुर्णीवरून जायला अर्धा दिवस मोडू लागला. भावजींच्या होडीनं माहेर परत जवळ आणलं. आई पलीकडच्या खडकावर वाट बघत बसायची.

तिनं अंथरूण धरल्याचा निरोप आला त्या दिवशी वारं पाठीमागून होतं. खडकावर भाऊ एकटाच उभा होता. भावजींनी होडी त्याच्यापुढून नेली, वळवली, जमलं नाही, पुन्हा नेली. माझा जीव राहिना.

"तितं माझी आई मरतीया आन् तुमी गिरक्या काय घेताय?"

"खडक हाय, वैनी. फुटली तर तुमी आईच्या आधी जाल."

तिसऱ्या फेऱ्याला होडी अशी टेकली, की माझ्या मांडीवरच्या तांब्यातलं दूध हललं नाही. आई जागी होती. "लई दिसांनी आलीस," म्हणाली आणि तांब्यातलं दोन घोट दूध प्याली. दिवस मावळायला गेली. भावजींना बोलले ते मी मागं घेतलं नाही, त्यांनीही ते कधी काढलं नाही.

पुढं भाऊ जमीन विकून पोरांकडं पुण्याला गेला. घराला कुलूप लागलं. तरी भावजी विचारायचे, "वैनी, वारं चांगलं हाय. येता का?"

"कुणाकडं?" मी म्हणायचे.

एकदा मात्र गेले. का गेले ते सांगता येत नाही. भावजींनी नेहमीचा फेरा घेतला, शीड सोडलं, होडी खडकापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. काठावर चिटपाखरू नव्हतं.

"उतरताय?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाय."

त्यांनी खडकाला वल्हं लावून होडी मागं लोटली. परतताना वारं समोरून होतं. असं वारं कापत जायचं म्हणजे एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, पुढं सरकणं थोडंच. मी मागं तोंड करून बसले होते. माहेरचा काठ बराच वेळ दिसत राहिला, तेवढं बरं झालं.