लंगडं बदक

ऑफिसात सगळे तिला मुंगी म्हणत. अंगाने किरकोळ, चाल तुरुतुरु, आणि धरलेलं काम सोडायचं नाही ही जन्माची खोड. कार्टून फिल्म बनवणाऱ्या त्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर होतं. ते वापरायला सोपं करायचं, हे मुंगीचं काम.

सोपं म्हणजे किती? पडद्यावर नुसती अडगळ होती. पात्राची पोझ पक्की करणारं बटण दिवसभर लागे, आणि ते बसलं होतं पार वरच्या कोपऱ्यात. दर वेळी पडदाभर माउस दामटायचा. ॲनिमेटरांची मनगटं दुखून यायची, पण बटण हलवलेलं मात्र खपायचं नाही. मुंगीने ते एकदा खाली आणलं, तर सगळ्यांत जुने ॲनिमेटर, ज्यांना अख्खं ऑफिस मामा म्हणे, तिच्या टेबलाशी येऊन कडाडले, "बाई गं, आमची बोटं न बघता तिथे जातात! उद्या घराचा उंबरा हलवशील!"

दुपारच्या आत बटण मूळ जागी गेलं.

त्या रविवारी मुंगी माहेरी गेली, तर वडील बिनसाखरेचा चहा मिटक्या मारत पीत होते. तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं. आई हळूच म्हणाली, "एकदम बंद केली असती, तर कप भिंतीवर आपटला असता. रोज चिमूटभर कमी करत गेले. आता म्हणतात, तुझ्या हातालाच गोडी आहे."

मुंगीचे डोळे लकाकले. सोमवारपासून दर अपडेटला बटण केसभर खाली सरकू लागलं. कुणाला पत्ता नाही. नको असलेले मेन्यूही एकेक करून गुपचूप गळाले. फक्त मामा एकदा पडद्याला नाक लावून म्हणाले, "नंबर वाढला वाटतं," आणि नवा चष्मा करून आले. मुंगीला जरा चुटपुट लागली. पण जराच.

मग कुठून तरी बातमी फुटली, की साहेब सॉफ्टवेअरचा पडदा नव्याने मांडून आणताहेत. मामांनी बंड पुकारलं. "नवं काही नको! आमचं जुनंच सोन्यासारखं आहे!"

"बरं मामा," मुंगी गरीब गाईसारखी म्हणाली, "जुनं तर जुनं." आणि तिने मामांच्या मशीनवर खरोखरचं जुनं चढवलं.

थोड्याच वेळात मामांचा आवाज चढला. "बटण कुणी पळवलं माझं? हा काय उकिरडा केलाय?"

"मामा, हेच तुमचं सोनं."

हशा पिकला. मामांनी चष्मा काढून हातात धरला. "म्हणजे हा चष्मा उगाचच..."

"हो मामा."

मामा हसले नाहीत. "शिक्षा होणार," ते म्हणाले. "तुझ्या त्या नव्या पडद्यावर एक बदक चालवून दाखव."

इतकी वर्षं बटणं मांडणाऱ्या मुंगीने आजवर काहीच चालवलं नव्हतं. ती बसली. बदकाचा पाय धरायला जावं, तर दर वेळी शेजारचं तेच बटण दाबलं जाई आणि अर्धवट उचललेला पाय तसाच पक्का होई. शेवटी ती किंचाळली, "कुठल्या गाढवाने ठेवलंय हे इथे?"

"मुंगीने," मागून मामा म्हणाले.

ती ओशाळली. "तुम्हालाही असंच व्हायचं?"

"रोज."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, वय झालं. हात कापतो."

आता मात्र मुंगीला मनापासून वाईट वाटलं. तिने शेजारी खुर्ची ओढली, मामांना बसवलं, आणि त्यांच्यादेखत बटण सरकवू लागली.

"अजून थोडं," मामा म्हणाले. "अजून. हां, बस्स."

बदक तेवढं तसंच राहिलं. मामांनी ते पुढच्या फिल्ममधल्या तळ्याकाठी सोडून दिलं. साहेबांनी विचारलं, "हे लंगडतंय का?"

"स्वभाव आहे त्याचा," मामा म्हणाले.