कॅमेरा फिरव

"जरा फिरव की कॅमेरा. बघू दे सगळ्यांना, कुठे बसतेस तू."

सर असं म्हणाले तेव्हा मीटिंगमध्ये चौदा माणसं होती. लॅपटॉपवर चौदा चौकटी. कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे कुंडीतली झाडं. माझ्या मागे दोरी आणि दोरीवर आईचा परकर. घाईत काढायचा राहिला होता.

मी एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीत नवीन लागले होते. लहान मुलांचे मराठी धडे तपासायचे, चुका काढायच्या. काम घरून. घर म्हणजे अंबरनाथला मोरिवलीत, कारखान्याच्या भिंतीला लागून एक खोली. तिच्यात आई, बाबा आणि मी.

लॅपटॉप जुना, उल्हासनगरच्या बाजारातून घेतलेला. दुकानदार म्हणाला होता, "कॅमेरा छोड दो बेटा, बाकी मशीन ए-वन है." मला वाटलं, कॅमेरा कशाला लागतोय? पहिल्याच आठवड्यात नियम कळला. कॅमेरा बंद तर हजेरी नाही. मग कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, मोबाइलचाच कॅमेरा लॅपटॉपला जोडता येतो. मोबाइलवर एक ॲप, लॅपटॉपवर तेच, मध्ये चार्जिंगची वायर. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवायचा, केसांच्या रबरानं आवळायचा. थोड्या वेळात तो तापायचा. मध्येच कुणाचा फोन आला की माझा चेहरा तिथंच थांबायचा, तोंड उघडं. तरी मी जमवलं होतं. मला त्याचा अभिमान होता, खरं सांगते.

म्हणून त्या मीटिंगमध्ये सरांनी "तू अशी खालून का दिसतेस?" असं विचारलं, तेव्हा मी हौसेनं सांगून टाकलं. मोबाइल लावलाय सर. डब्याला.

"डब्याला!" सर हसले. "मग सोपं आहे की. हातात घे नि फिरव."

याच सरांनी मुलाखतीत माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. मग गाव. मग "म्हणजे मूळचे कुठले?" सांगितल्यावर "अच्छा" म्हणाले होते. तो "अच्छा" मला तेव्हाच कळायला हवा होता.

मी फिरवला. नोकरी कच्ची होती, सहा महिन्यांनी कायम करणार होते. आणि साहेब सांगेल ते करायचं, हे लहानपणापासून पाहिलेलं. रबर काढलं, वायर पुरेल तेवढा मोबाइल फिरवला. मोरी. गॅस. भांड्यांची मांडणी. गळक्या पत्र्याखाली बांधलेलं प्लास्टिक. मग खाट, आणि खाटेवर बाबा.

बाबा केमिकल कंपनीत कामाला होते. उजव्या हातावर ॲसिड सांडलं तेव्हापासून घरी. उघड्या अंगानं बसून डाव्या हातानं भात खात होते. मोबाइल आपल्याकडे वळलेला पाहून गडबडले. ताट बाजूला सारलं. पट्टीचा हात आणि खरकटा हात एकत्र जोडले.

"नमस्कार साहेब," म्हणाले. "पोरीला सांभाळून घ्या."

बाकीच्या चौकटी हसल्या. काहींनी आवाज बंद ठेवला होता, त्यांचे नुसते दात दिसले. सर म्हणाले, "घेऊ, घेऊ. जेवा काका तुम्ही." मग बाकीच्यांना, "बघितलंत? हा खरा भारत. चला, कामाला लागू."

बाबांना ते हसणं आनंदाचं वाटलं. दिवसभर म्हणत होते, "साहेब चांगला आहे गं तुझा. माझ्याशी बोलला."

मी "हो" म्हणाले.

पुढे ती गंमतच झाली. दर शुक्रवारी अकराला सर विचारायचे, "आज घरात कोण कोण?" मी दोरी काढली. भिंतीला पांढरी चादर ठोकली. आईला मीटिंगपुरतं शेजारी पाठवू लागले. बाबांना शर्ट घालायला लावू लागले, जळक्या हातावरून बाही चढवताना ते कळवळायचे तरी.

मग एका शुक्रवारी बाबा स्वतःच उठले. मी काही बोलले नव्हते. दाराबाहेर जाऊन उभे राहिले. ऊन टळटळीत, वर केमिकलचा वास. हात पोटाशी धरून माझा बाप आपल्याच घराबाहेर उभा. त्यांना सरांनी बाहेर काढलं नव्हतं. मी काढलं होतं.

मीटिंग सुरू झाली.

"हे काय, पडदा? फिरव, फिरव. काका कुठायत?"

"नाही फिरवणार, सर."

"अगं, गंमत चाललीय."

"मग तुमचा फिरवा. तुमचं घर आम्ही कुठं बघितलंय?"

आवाज फाटला माझा. रडल्यासारखा आला. पण आला. सर म्हणाले, "ही भाषा ऑफिसात चालत नाही." मी म्हणाले, "धड्यांचं बोला सर. धडे तयार आहेत."

मीटिंगनंतर दोघींचे मेसेज आले, बरं केलंस म्हणून. मीटिंगमध्ये त्याच दोघी गप्प होत्या.

सोमवारी ऑफिसातून मेल आला. वरिष्ठांशी उद्धट वागणूक. येत्या शुक्रवारी सर्वांसमोर माफी मागावी, नाहीतर कायम करण्याचा विचार होणार नाही.

आई म्हणाली, "माग की. तोंडानं बोलायला काय जातंय?"

बाबांनी विचारलं, "काय झालं नेमकं?"

या वेळी मी सगळं सांगितलं. तो पहिला दिवससुद्धा.

बाबांनी हाताच्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाले, "मला हसत होते?"

"हो, बाबा."

ते कूस बदलून पडून राहिले. त्यांची पाठ बघत मी लॅपटॉप उघडला आणि उत्तर लिहिलं. सरांनी दहा वेळा दुरुस्त केलं असतं, असं माझ्या बोलीत लिहिलं.

मी माफी मागणार नाही. मी तपासलेल्या धड्यात चूक असेल तर दाखवा, तिची मागते. काढायचं असेल तर काढा, पण कारण लेखी द्या. त्यात लिहा, घर दाखवायला नाही म्हणाली. खाली सरांची सही पाहिजे.

अजून उत्तर नाही. शुक्रवारी अकराला मी बसणार आहे. बाबा घरातच असतील, शर्ट घातला तर घातला. नोकरी गेली तर दुसरी बघेन. तिथंही कुणीतरी आडनाव दोनदा विचारेल. तेव्हा मी विचारणार, कशाला हवंय? आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं काही सांगणार नाही.