लेकुरवाळीचा हात

आमच्या घरात वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते. मिरच्या गच्चीवर वाळतात, डंकावर कुटून येतात आणि मग सोप्यात मोठी परात मांडून त्या तिखटात परतलेला कांदा, लसूण, खोबरं, मीठ हातानं कालवायचं. कळंब्याच्या बाजूला आमचं घर, माणसं पुष्कळ, वर पै-पाहुणे. म्हणून परातही तशीच, लहान मूल आत बसेल एवढी. कालवायला बसलेली बाई सांगेल तेवढं मीठ पडतं आणि ती म्हणेल तेव्हाच थांबायचं. तेवढ्यापुरतं सासूबाईसुद्धा तिचं ऐकतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते. अक्काला मूलबाळ नव्हतं आणि म्हणूनच ते काम तिच्याकडं आलं होतं. तिखटात घातलेले हात पुढं दोन दिवस भगभगतात, तेल लावा नाहीतर ताकात बुडवा. अंगावर पोर असलेल्या बाईला ते कसं जमणार? "तुला काय, तुझ्याकडं कोण ल्हान हाय?" असं सासूबाई म्हणायच्या आणि अक्का परातीत हात घालायची. बाकी घरात तिच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. डोहाळजेवणात ओटी भरायला तिला कुणी बोलवत नसे. म्हैस घ्यायची-विकायची गोष्ट निघाली की तिला चहा ठेवायला पाठवत. पण चटणी तिची होती. गल्लीतल्या बायका आपापली चटणी वाटीत घेऊन तिच्याकडं यायच्या, ती चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि सांगायची, "लसूण कमी पडलाय बघ." त्या वेळचा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

माझा तरी कुठं मोठा मान होता! मी शाळेत शिकवत होते, पगार आणत होते, पण टीव्हीचा आवाज जरा कमी करा म्हणायची सोय नव्हती. मग मला मुलगा झाला आणि सगळं पालटलं. पंखा माझ्या खोलीत आला. म्हशीचं धारोष्ण दूध, जे आजवर पुरुषांच्याच पेल्यात जायचं, ते माझ्या पेल्यात आलं. "भूक लागली" म्हटलं तर पूर्वी कुणाला ऐकू जात नसे. आता "बाळाला दूध पुरत नाही" म्हटलं की सासूबाई स्वतः उठायच्या. ही युक्ती मला लवकर कळली आणि खरं सांगते, मजाही वाटली.

त्याच उन्हाळ्यात परात मांडता मांडता सासूबाई म्हणाल्या, "धाकटे, औंदा हात तू घालायचा."

अक्का लसूण सोलत होती. ती थांबली.

"मला मिठाचा अंदाज नाही, आत्या," मी म्हणाले.

"अंदाज येतोय की हळूहळू. लेकुरवाळीचा हात लागला की चटणी टिकत्या. इतकी वर्सं थोरलीनं कालवल्यावर म्या वरनं माझं बोट लावून चालवून घेतलं. आता माझं काय खरं हाय?"

मला राग आला. अक्काच्या हातची चटणी वर्षवर्ष टिकलेली सगळ्यांनी खाल्ली होती. पण ते बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी मांडीवरचं पोर पुढं केलं. "आणि ह्याला कशी घेऊ? तिखटाचा हात डोळ्याला लागला म्हणजे?"

"व्हय की गं!" सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. जरा विचार केला आणि तोडगा काढला. "कालवू दे थोरलीला. तू तिच्या कोपराला हात लावून बस. तुझाच हात लागल्यागत हाय ते."

मी बसले. अक्का कालवत होती आणि माझी बोटं तिच्या कोपरावर होती. मीठ किती टाकायचं हे सासूबाईंनी मला विचारलं. अक्का मान वर न करता पुटपुटली, "अजून दोन मुठी." मी तेच मोठ्यानं सांगितलं. संध्याकाळी शेजारणींनी चव घेतली आणि मला म्हणाल्या, "लेकुरवाळीचा हात त्यो!" मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पोर रडलं. सगळ्यांत जवळ अक्का होती, ती चटकन वाकली. "हात लावू नगं!" चौघी एकदम ओरडल्या. तिनं हात मागं घेतले.

नंतर न्हाणीघरात ती मला म्हणाली, "आता दरसाली तुला म्हणतील. तू न्हाय म्हण. एवढं एक माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

मी दरवर्षी नाही म्हटलं. कधी पोराला दात येत होते, कधी खोकला होता, कधी त्याची परीक्षा. प्रत्येक वेळी सासूबाईंना ते पटलं. कोपराला हात लावायचं तेवढं सुटलं नाही.

आता मुलगा माझ्या खांद्याला लागतो. यंदा परात मांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता कसलं ल्हान पोर सांगतीस? बस खाली." आणि माझ्याकडं कारण उरलं नव्हतं. मग मी सरळच म्हणाले, "चटणी अक्काच करणार, आत्या. माझा हात न लावता. मी सांगते म्हणून."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मुलगा उंबऱ्याशी मोबाइल घेऊन बसला होता, त्याला त्या म्हणाल्या, "काय रं बाबा, आई काय म्हणत्या बघ. तू काय म्हणतोस?"

"करू दे की मोठ्या आईला," तो मान वर न करता म्हणाला.

"बरं. बाबा म्हणतोय तर करू दे तिला." आणि त्या उठून मिठाचा डबा आणायला गेल्या.

अक्कानं पदर खोचला, परातीशी बसली. मी तिच्या शेजारी बसले, हात मांडीत ठेवून. तिनं तिखटात हात घातला, मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "इतकी वर्सं मला वाटायचं, ह्या घरात तुझं तरी चालतंय."