नेव्हिलच्या बसचं दार

नेव्हिल ट्रॉटमन वाईट माणूस नव्हता, हीच त्याची मोठी अडचण. वाईट माणसाशी कडाकडा भांडता तरी येतं. नेव्हिलशी भांडायला गेलं की तो बॅटरीचं मीटर तुमच्या नाकासमोर धरायचा. "बघ नोला, चौऱ्याऐंशी टक्के!" म्हणायचा आणि इतका खूश दिसायचा की माझं भांडण घशातच राहायचं.

तीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर तीच बस विकत घेतली, आत पलंग, शेगडी, फ्रिज बसवला आणि बायकोला, ग्लेनिसला, घेऊन गाडीतच घर थाटून फिरणाऱ्या आम्हा भटक्या म्हाताऱ्यांत सामील झाला. बसचं छप्पर कडेला गोल उतरतं. त्यावर ताठ काचेची सौर पॅनेल बसेनात. मग त्याने चटईसारखी वाकणारी पातळ पॅनेल आणली आणि सहाच्या सहा एकाच बाजूला चिकटवली, कारण दुसऱ्या बाजूला दार आणि दारावरचं कापडी छत. ती एकदा चिकटली की सुटत नाहीत. हे त्या खोक्यावर लिहिलेलं होतं, पण खोकं वाचेल तर तो नेव्हिल कसला!

आता सूर्य काही एका जागी थांबत नाही. म्हणून बस फिरायला लागली. उजाडताना पूर्वेकडे, मग सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला, घड्याळ लावून. ग्लेनिस आंघोळीला शिरायची तेव्हा नदी डावीकडे असायची, बाहेर यायची तेव्हा उजवीकडे. चहा तर तिने चार वर्षांत कधी भरल्या कपाने घेतला नाही.

चारनंतर पॅनेल पश्चिमेला, म्हणजे दार पूर्वेला. आमच्या तळावर पश्चिमेला नदी आहे आणि पूर्वेला गाड्यांतल्या संडासाच्या पेट्या रिकाम्या करायचा खड्डा. पाच वाजता आम्ही आपापली खुर्ची आणि ग्लास घेऊन कोणाच्या तरी दारापुढे जमतो, बिस्किटं-चीज खातो आणि तळ सोडून गेलेल्या लोकांची उणीदुणी काढतो. नेव्हिलची पाळी असली की दहाबारा जण सूर्यास्ताकडे पाठ करून खड्ड्याकडे बघत बसायचे. पलीकडे का जात नव्हतो? दुसऱ्याच्या गाडीमागे खुर्ची टाकणं म्हणजे त्याच्या मोरीत डोकावणं. आमच्यात तसं कोणी करत नाही.

ऑगस्टमध्ये ग्लेनिसला सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या सकाळी ती आम्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "नेव्ह, आज मला माझ्या दारात बसून सूर्य बुडताना बघायचाय. एवढंच."

"अगं, पण चारनंतरचं ऊनच तर खरं! नाहीतर फ्रिज—"

"नाहीतर उद्या सव्वादहाच्या गाडीने मी टूवूम्बाला, बहिणीकडे. कायमची." तिने तिकीट काढून दाखवलं.

नेव्हिल दुपारी जेवला नाही. चारला त्याने बस फिरवली आणि दार पुन्हा खड्ड्याकडे! माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं. पण खड्ड्याजवळ काहीतरी चमकत होतं. कपाटाचा पुरुषभर उंच आरसा त्याने उचकटून आणून तिथल्या नळाला दोरीने बांधला होता.

"ऊनही राहिलं आणि सूर्यास्तही!" नेव्हिल म्हणाला. "दारात बस आणि आरशात बघ."

आम्ही बसलो. सूर्य उतरला. आरशात दिसली ती बस, कारण सूर्य तिच्या मागे होता, आणि बसपुढे तोंड उघडून बसलेले आम्ही बारा म्हातारे. मधोमध कागदी मुकुट घातलेली ग्लेनिस. तेवढ्यात शेजारचा कॉलिन आपली संडासाची पेटी ओढत आरशासमोर आला. त्याने टोपी काढली, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, ग्लेनिस!" म्हणाला आणि पेटी ओतू लागला. काय करावं हे न सुचून आम्ही टाळ्या वाजवल्या.

ग्लेनिसने मुकुट काढून खुर्चीवर ठेवला आणि बॅग भरायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. "जा बाई," मी म्हटलं. "मी असते तर चार महिनेही थांबले नसते." मला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं.

ग्लेनिस रस्त्याकडे बघतच नव्हती. ती बसकडे बघत होती. दार अजून सकाळसारखंच, नदीकडे होतं. दहा वाजले. नेव्हिल चालकाच्या जागेवर चढून बसला. त्याचा हात किल्लीकडे गेला आणि परत आला. ऊन पॅनेलवरून सरकायला लागलं. हात पुन्हा गेला. पुन्हा परत आला.

गाडी आली. चालकाने दार उघडलं. "टूवूम्बा ना, आजी? चला."

"किती वाजले?"

"दहा वीस. उशीरच झालाय."

"वीस मिनिटं?" ग्लेनिस मला म्हणाली. "वीस मिनिटं त्याने फिरवली नाही?" मग चालकाला म्हणाली, "जा रे बाबा तू. मी वेळ विचारायला आले होते."

मी शिव्या देत देत तिची बॅग परत वाहून आणली.

एकला बस हलली नाही. चारला हलली नाही. त्या जुन्या बॅटऱ्यांनी दुपारीच मान टाकली, फ्रिज गप्प झाला आणि लोणी वितळून फ्रिजच्या दाराच्या फटीतून खाली उतरलं. नेव्हिलने ते पुसलं, पण किल्लीला हात लावला नाही.

पाचला आम्ही नेव्हिलच्याच दारापुढे खुर्च्या मांडल्या. समोर नदी होती. सूर्य लालभडक होऊन पाण्यात उतरला. नेव्हिल सूर्याकडे बघत नव्हता, बायकोकडे बघत होता.

तिने बिअरचा घोट घेतला.

"कोमट आहे," ती म्हणाली.

"हो," नेव्हिल म्हणाला. "उद्याही कोमटच असेल."

ग्लेनिसने ग्लास तळापर्यंत रिकामा केला आणि पुन्हा भरायला त्याच्यापुढे धरला.