न चुकणारी जीभ

भिंगारच्या लष्करी मेसमधला आमचा हेडक्लार्क व्हिस्की पारखायचा. नाक असं, की कोपरगावात बूच उघडलं तर याला इथं शिंक यायची! मेजरचा त्याच्यावर देवासारखा विश्वास. लढाईत स्कॉच दुर्मिळ झालेली. एकदा अस्सल माल्टची बाटली आली. लाखेचं सील त्यानंच फोडलं, पेला हुंगला, घोट गालात घोळवला आणि म्हाताऱ्या बटलरवर ओरडला, "पाणी घातलंस, हरामखोरा!"

"रावसायेब, सील तर आत्ता तुमीच फोडलंत न्हवं?"

"माझी जीभ चुकत नाही!"

मेजरनं बटलरला तिथल्या तिथे काढून टाकलं, अंगावरचा डगलासुद्धा उतरवून घेतला. अजून माझ्या मस्तकात तिडीक उठते. म्हातारा फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या नीच हेडक्लार्कनं तीच बाटली निम्मी संपवली होती.