चौगुले बाईंची जास्वंद

“ओ पावणं, कळी खाली ठेवा!”

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी उत्साहाने फारच लवकर शाळेत पोहोचले होते. ही आरोळी ऐकून मी घाबरून हातातला डबाच खाली ठेवला. पण आरोळी मला नव्हती. रंकाळ्यावर फिरून आलेले एक गृहस्थ कुंपणाशी उभे होते आणि आमच्या जास्वंदीची फांदी आकडीने वाकवून दुधाच्या पिशवीत कळ्या भरत होते. त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या चौथीच्या चौगुले बाई.

“देवालाच की न्हेतोय, बाई,” गृहस्थ म्हणाले.

“मग देवाला सांगा की, दुसऱ्याच्या दारातनं उचलल्यात म्हणून!”

गृहस्थ हसले आणि पिशवीसकट गेले. सगळेच जात. कुणाच्या खिशात हात घातला तर लोक बडवून काढतील, पण पूजेसाठी दुसऱ्याचं फूल तोडणं ही चोरी आहे असं आमच्याकडे कुणालाच वाटत नाही. त्यातून जास्वंदीची कळी तोडली तरी घरी देवापुढे उमलते. त्यामुळे शाळा भरेपर्यंत आमचं झाड नुसतं पानांचं, मंगळवारी आणि संकष्टीला तर हमखास.

बाईंना ते फूल धड्यासाठी हवं होतं. जास्वंदीचे उपयोग त्या लोकांच्या हातून खाली पडलेल्या फुलांवरच शिकवत. पाकळ्या खोबरेलात उकळून केसांचं तेल. पानं पाण्यात चुरगळून बुळबुळीत फेस, म्हणजे “तुमच्या आज्जीचा शांपू”. पाकळी कागदावर घासली की जांभळा डाग, त्यावर लिंबू पिळलं की लाल, साबणाचं पाणी टाकलं की हिरवट. पाकळीने बूट चमकतो हे कळल्यापासून तर पोरांचे मोजेही जांभळे झाले होते. “गहू एकदा कापला की संपला,” त्या सांगत. “हिला बहुवर्षायू म्हणायचं. झाड वर्षानुवर्षं जगतंय, फूल मात्र एकच दिवस.”

तो एक दिवस पोरांनी पाहावा, एवढाच त्यांचा हट्ट होता. प्रार्थनेला उमललेलं, दुपारी पक्ष्याने चोच घातलेलं, शाळा सुटताना मिटत आलेलं एक फूल, झाडावर. दरवर्षी ते राहून जाई. ‘कळ्या तोडू नयेत’ असा फलक लावला, तर लोक त्याच्यावरच पिशवी अडकवून दोन्ही हातांनी तोडू लागले. कळ्यांना कागदी पिशव्या बांधल्या, तर पिशव्यांसकट कळ्या गेल्या. मग बाई स्टाफरूममध्ये येऊन टेबलावर हात आपटत. “एक कळी, वो! सगळ्या पेठेत एक कळी जगंना!” त्यांचा चहा निवून जाई, आणि ऐकून ऐकून माझंही डोकं उठे.

“बाई, तोडलेलं फूल आणून दाखवा की,” मी एकदा वैतागून म्हटलं.

“तोडल्यालं फूल काय करतंय? नुसतं बसतंय. ते बघाय शाळा कशाला पायजे?”

गेल्या वर्षी, निवृत्तीच्या दिवशी, त्या उजाडताच झाडाशी खुर्ची टाकून बसल्या. एक कळी वाचली. प्रार्थनेच्या वेळी ती लालभडक उमलली होती. दुपारी एक चिमुकला पक्षी आला, तेव्हा एरवी छप्पर उडवणारा तो वर्ग श्वास रोखून बसला. इतक्या वर्षांत बाईंना असं खूश मी पाहिलं नव्हतं.

मग निरोप समारंभासाठी सगळे हॉलमध्ये जमले. हेडमास्तरांनी शाल दिली, नारळ दिला, आणि एक लाल फूल पुढे करून म्हणाले, “आणि हे बाईंचं लाडकं फूल, खास त्यांच्याच झाडावरचं!”

बाई हातातल्या फुलाकडे बघत राहिल्या. माईक समोरच होता.

“सर,” त्या म्हणाल्या, “हे शाळा सुटंपर्यंत झाडावर पायजे हुतं.”

गंमत समजून सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. चौथीची पोरं तेवढी गप्प होती. हेडमास्तर मनाने वाईट नाहीत, त्यांनी ते प्रेमानेच तोडलं. पण त्या टाळ्यांचा मला अजून संताप येतो.

बाई आता मुलाकडे पुण्याला असतात. चौथी माझ्याकडे आली आहे, आणि झाडाजवळची खुर्चीही. काल मंगळवार. मला पोहोचायला जरा उशीर झाला, तर झाड पानांचंच होतं आणि फलकावर कुणाची तरी पिशवी विसरलेली होती. संध्याकाळी बाईंचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

“मिटताना बघितलं का पोरांनी?”

“नाही, बाई.”

“मग उद्या लवकर जा.”