हुसेनबीचा दांडा

लिही गं प्रतिक्षा, मी सांगती ते. सकाळधरनं अणू, आयन, मोल घोकायलीस, मला आपली हुसेनबी आठवायली. शेजारीन माझी. आमी दोगी सूत रंगवायच्या एकाच डाइंगमदी सुताच्या लडी धुयाला व्हतो. मशिनी चालू असल्या तरी तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. लडी पिळायचा दांडा कायम हातात. तिची पोरं बी तितंच, थोरला हमजा, धाकटा सलमान.

सूत आदी कॉस्टिक सोड्याच्या पान्यात बुडवायचं. मग त्यातलं कॉस्टिक मारायला ॲसिडच्या पान्यात. मग धुयाला आमच्या हौदात. पोरांच्या डोक्यात हेच बसल्यालं, कॉस्टिकवर ॲसिड.

गेल्या उन्हाळ्यात सलमान कामावर पिऊन आला. हमजानं मालकाला सांगून त्याला घरी धाडायला लावलं. झालं! "भाई हायस का दुश्मन?" म्हनत सलमाननं तोंडावर बुक्की हानली. हमजानं त्याला भिंतीवर आपटला, दात पाडला. रगत थुकत सलमाननं कॉस्टिकचा मग भरला आन् भावाच्या तोंडावर फेकला.

काय ओरडला गं हमजा! गडबडा लोळायला लागला. कातडी साबनावानी बुळबुळीत झाली, चोळली की हातात यायची.

सलमानची खाडकन उतरली. "थांब भाई, आत्ता कॉस्टिक मारतो!" म्हनत ॲसिडचा मग घेऊन पळत आला. वाचवायलाच की!

हुसेनबी आडवी आली. "खाली टाक तो मग!"

"अम्मी, हट! डोळे जातील त्याचे!" त्यानं तिला ढकलली.

तिनं मनगटावर दांडा हानला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. हातातला मग खाली पडला, फरशीवरच्या कॉस्टिकला ॲसिड लागलं आन् चर्र करून वाफ उठली.

"बघ मुडद्या! ही त्याच्या तोंडावर उठवनार व्हतास?"

तरी तो येडा डाव्या हातानं मग उचलाया वाकला. तिनं पाठीत हानला. मग आमी हमजाला केसाला धरून नळाखाली दाबला. लाथा घालायचा, माझी बरगडी सुजली. हुसेनबीनं बोटानं पापन्या ताणून धरल्या. रिक्षा आली तरी सोडीना.

तूच सांगितलंस न्हवं का? कॉस्टिकातला एक आयन, ॲसिडातला एक, जोडी जमली की पानी हुतं, पन जमताना लई आग निगती. जोडीला दोन्ही सारखे पायजेत, म्हून मोल. डझनासारखं माप, निस्तं लई मोटं. टबात डाइंगचा मास्तर मापून घालतो. पोराच्या तोंडावर कोन मापनार? हुसेनबीला आयन ठावं न्हाय. टबातनं उठनारी वाफ तेवढी तिनं बघितल्याली.

हमजाचा एक डोळा गेला, एक ऱ्हायला. पान्यानं ऱ्हायला म्हनले डॉक्टर. सलमानचं मनगट वाकडं बसलं. त्याच हातानं तो भावाच्या डोळ्यात औषध घालतो. हुसेनबी दांडा घेऊन शेजारी बसती. "थेंब गालावर पडला तर दुसरा हात बी मोडीन."

हमजा म्हनतो, "राहू दे अम्मी. चहा कोन करनार मग?"

आन् सलमान खाली मान घालून परत बाटली वाकडी करतो.